हॉर्न वाजवला होता

आमच्या खात्याच्या क्रीडास्पर्धा परभणीला होत्या. खो-खो, कबड्डी, कॅरम, धावणं, सगळं दोन दिवसांत उरकायचं. गंगाखेडच्या ऑफिसातून मी खो-खोला, आणि आमच्या रेकॉर्ड रूममधले भाऊ चारशे मीटरला. भाऊ जन्मापासून बहिरे. ओठ बघून समजून घ्यायचे, नाहीतर चिठ्ठी लिहायचे. राहायला पिंगळीला; रोज पहाटे पळायचे.

शिट्टी त्यांना ऐकू येणार नव्हती, म्हणून मी पंचांकडे गेले.

"सर, शिट्टीबरोबर रुमाल तेवढा खाली करा."

"एकट्यासाठी नियम बदलू का मी? त्यांना कॅरमला बसवा की."

शेजारच्या एकानं कानात बोट घालून "हॅलो, हॅलो" केलं. सगळे हसले. भाऊ बघत होते.

शिट्टी झाली. बाजूचा हलला तेव्हा भाऊ निघाले, सगळ्यात शेवटी. दुसऱ्या वळणापर्यंत तिघं मागं पडले होते. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली. साहेबांना मंडपाच्या पायरीशीच उतरवायचं, म्हणून ड्रायव्हरनं ती सरळ धावपट्टीवर घातली आणि हॉर्न दिला. बाकीचे बाजूला झाले. भाऊ पळतच राहिले. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. कुणाला ऐकू जावं म्हणून, देव जाणे.

बंपर मांडीला लागला. ते हातावर पडले आणि मनगट भलतीकडंच वळलं.

प्रथमोपचाराची पेटी उघडली, तर आत मैदान आखायच्या फक्कीची पुडी आणि हारांच्या पिना. ॲम्ब्युलन्स नव्हतीच. तीच गाडी मोकळी उभी होती, पण साहेबांना लगेच निघायचं होतं म्हणे. शेवटी ऑटो केला.

ड्रायव्हर सांगत होता, "हॉर्न वाजवला होता की मॅडम, लय वेळ."

पंच म्हणाले, "तरी मी म्हणत होतो."

आम्ही ऑटोत चढत असताना माईकवर पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं. दिव्यांग बांधवांच्या जिद्दीला सलाम वगैरे. संध्याकाळी भाऊंसाठी शाल दवाखान्यात पाठवली. तिच्यावर किमतीचं लेबल तसंच होतं. भाऊंनी ती उघडलीसुद्धा नाही. डाव्या हातानं वेडंवाकडं लिहिलं, "कितवा आलो असतो?"

मी लिहिलं, "पहिले." खरं काय ते मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी पत्र आलं. सुरक्षिततेच्या दृष्टीनं श्रवणदोष असलेल्या कर्मचाऱ्यांनी मैदानी प्रकारांत भाग घेऊ नये. गाड्या मैदानात आणू नयेत, असं त्यात कुठंच नव्हतं. भाऊंनी पत्र वाचलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि रेकॉर्ड रूममध्ये गेले. पत्रावर आवक शिक्का मारून ते फायलीला लावणं माझं काम. मी ते केलं. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मैदानावरच्या त्या माणसांची किळस होतीच. आता माझ्या हाताचीही वाटायला लागली.