मुलगी बघायला गेलो आणि बडोदं खाऊन आलो

मला हे सांगायचंच नव्हतं. पण घरात कुणी आलं, की आमची सूनबाई चहाचा कप त्याच्या हातात देते न देते तोच मला म्हणते, "बाबा, ते बडोद्याचं सांगा ना!" माझी फजिती म्हणजे हिच्या चहाबरोबरचं बिस्कीट! आता तर म्हणते, लिहूनच द्या. सातवी नापास माणसाला लिहायला बसवलंय. घ्या, लिहितो. शुद्धलेखन तपासत बसू नका.

गोष्ट माझ्या लग्नाआधीची. मी मिरजेचा, घरची पिठाची गिरणी, आणि भूक अशी की आईनं भाकऱ्या मोजायचंच सोडून दिलं होतं. बडोद्याचं स्थळ आलं. मुलीचे वडील, अण्णा, जुन्या संस्थानच्या कचेरीत कारकून होते. संस्थान गेलं, गुजरात राज्य झालं, पण अण्णांच्या घरात दरबार चालूच! त्यांची धाकटी कुसुम. तिचा फोटो बघूनच मी निम्मा बडोदेकर झालो होतो.

निघताना मावशीनं बजावलं, "मुलीकडचं माणूस जे पुढं ठेवेल त्याला नाही म्हणायचं नाही. आणि पानात कण टाकायचा नाही. वळण त्याच्यावरनं बघतात."

घात तिथंच झाला.

सकाळी गाडीतून उतरलो, परतीची गाडी त्याच रात्रीची. न्यायला कुसुमचा भाऊ मुकुंद आला होता. माझ्याच वयाचा, बोलताना मराठीतून गुजरातीत कधी घुसायचा त्याचं त्यालाच कळत नसे.

"कार्यक्रम चारला आहे," तो म्हणाला. "अण्णांनी सांगितलंय, पाहुण्यांना कामाठीबाग दाखव. पण आधी थोडो नास्तो करू. चालेल ने?"

नाही कसं म्हणणार? मुलीकडचं माणूस!

फाफडा आला, गरम जिलेबी, तळलेल्या मिरच्या आणि पपईचा पिवळा कीस. अहाहा! मी डिश अशी पुसून काढली की धुवायची गरज नाही. मुकुंदानं डिशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दुकानदाराला हाक मारली, "काका, बीजी डिश आपो!"

ती संपवली. तिसरी आली.

मग लहरीपुरा. सायकली, कापडाची दुकानं, घोडागाडीवाल्यांची भांडणं आणि त्या गर्दीत कोपऱ्यावर एक सेव-उसळवाला. त्याच्या पातेल्याचा वास मला आजही येतो, खोटं सांगत नाही.

"पाहुणे, वरची तरी तिखट असते हं," मुकुंद म्हणाला.

"मिरजेच्या माणसाला तिखट सांगता?"

बोललो खरा! दुसऱ्या घासाला कानातून वाफा निघाल्या. तरी बशी स्वच्छ. मुकुंदानं पुन्हा बघितलं, पुन्हा मागवली. अशा पावासकट तीन बशा झाल्या.

"कामाठीबाग?" मी हळूच विचारलं.

त्यानं चालत्या रिक्षातून हात बाहेर काढला. "ती काय! बघितली ने? चला, आता लीलो चिवडो."

लीलो म्हणजे ओलसर चिवडा, तोही झाला. मग भाखरवडी. खंडेराव मार्केटच्या पायरीवर एका बाईनं चिकू कापून हातावर ठेवले, ते पण गेले. तीन वाजता माझ्या विजारीचं बटण उडून रिक्षावाल्याच्या पाठीला लागलं.

अकोट्याच्या पुलावर मुकुंद कानाशी आला. "एक सांगायचं राहिलं. अण्णांना बाहेरचं खाणं बिलकूल चालत नाही. विचारलं तर म्हणायचं, बागेत फिरलो."

घरी पोचलो. कुसुम आली. फोटो म्हणजे काहीच नव्हता हो! तिनं माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. एकदाच वर बघितलं आणि दाराआड जाऊन उभी राहिली.

मी चमचा उचलला, तोंडापर्यंत आणला. तोंड उघडेना! उघडलं असतं तर आख्खा लहरीपुरा बाहेर आला असता.

"घ्या ना," अण्णा म्हणाले.

"घेतो."

पाच मिनिटं गेली.

"पोटाचा काही विकार?"

"छे छे!"

"मग सकाळपासून काय खाल्लंत?"

अण्णांच्या पाठीमागून मुकुंद मान हलवत होता. मी घाबरून म्हणालो, "कामाठीबाग."

कुसुमच्या आईचा चेहरा पडला. "मुलगी पसंत नसेल तर तसं सांगा. तिनं हौसेनं केलेल्या पोह्यांवर राग कशाला?"

दाराआड कुसुमनं पदर डोळ्यांना लावला. मग मात्र माझ्यानं राहवेना. उभा राहिलो आणि धडाधडा सांगून टाकलं. तीन डिश फाफडा-जिलेबी, तीन सेव-उसळ, अकरा पाव, चिवडा, भाखरवडी, चिकू!

दाराआडून हसू फुटलं. असं खळखळून, की मला वाटलं, जिंकलो!

अण्णांनी चष्मा काढला. "हे सगळं दिवसभरात?"

"नाही, तीन वाजेपर्यंत."

अण्णांनी चष्मा परत घातला.

"मी काय करू?" मुकुंद ओरडला. "ह्यांची डिश रिकामी दिसली की मी मागवायचो! आपल्याकडे पोट भरलं की थोडं ठेवतात ने? ह्यांनी घासभर सोडला असता तर मी थांबलो नसतो?"

"आणि तू काय खाल्लंस?" अण्णांनी विचारलं.

"मी? मी नुसता सोबत होतो!"

नुसता सोबत! घासाला घास लावून खाल्लं होतं त्यानं!

आठवड्यात पत्र आलं. आमची मुलगी नाजूक आहे, आपल्या घरचा स्वयंपाक तिला झेपायचा नाही. अण्णांचं काय चुकलं? मीही माझी मुलगी मला दिली नसती. पुढं माझं लग्न झालं, संसार चांगला झाला. कुसुमचं ते हसणं तेवढं मी राखून ठेवलंय, त्यात मी कुणाचं काही देणं लागत नाही.

पण एक गोष्ट अजून घशाखाली उतरत नाही. सगळं बडोदं पोटात घातलं आणि ज्याच्यासाठी तिथवर गेलो तो एक घास चाखायचा राहिला. निघताना दारातून मागं वळून बघितलं, तर भिंतीला टेकून एक माणूस माझीच बशी हातात घेऊन लिंबू पिळत होता. निम्मे पोहे गेलेही होते! इतकी वर्षं झाली, त्यानं अजून माफी मागितलेली नाही. कोण म्हणून काय विचारता? मुकुंद!