गेटवरचं शून्य

तुमच्या टीमचं उद्दिष्ट ठरवताना, ते गाठायला खोटं कोणाला बोलावं लागेल, असं तुम्ही कधी विचारलंय का?

मी विचारलं नव्हतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मी ऑफिसात कामाला आहे. बदलापूरच्या आमच्या घरी कॉटखाली वडिलांच्या युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असत; वाचायला मी त्यांवरच शिकले. त्यामुळे साहेबांनी प्रेस विभागाची उद्दिष्टं लिहायला सांगितली तेव्हा मी ती पत्रकासारखीच ठोकून लिहिली. झाकणं दीडपट. अपघात शून्य. दोन्ही मोजता येणारे आकडे. साहेब खूश. दसऱ्याच्या यंत्रपूजेपर्यंत शून्य टिकलं तर विभागातल्या चौदाही जणांना कुकर, असं त्यांनी जाहीर केलं. गेटवर शून्याचा फलक लागला.

प्रेस म्हणजे पत्र्यातून झाकण दाबून काढणारं यंत्र; त्याच्या तोंडाशी हात वाचवणारी जाळी असते. ती खाली येईपर्यंत हात थांबवावा लागतो, म्हणून दीडपट माल काढायचा तर जाळी वर बांधून ठेवायची. विभागात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी खाली जाऊन कोणाला विचारलंच नव्हतं.

दसऱ्याला नऊ दिवस उरले असताना उल्हासनगरहून येणाऱ्या एका मावशीच्या दोन बोटांची पेरं प्रेसखाली गेली. दुसऱ्या दिवशी ती हाताला पट्टी बांधून आली. मी नोंदवही उघडली, तर सुपरवायझरने मजकूर आधीच ठरवला होता.

"ताई, लिहा. घरी विळीवर कापलं."

"विळीवर दोन बोटं?"

"भोपळा कडक होता," मागून कोणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

मावशी हसली नाही. "लिही गं पोरी. माझ्यापायी चौदा जणांचे कुकर गेले, तर उद्या माझ्याशेजारी बसून डबा कोण खाईल?"

मी लिहिलं.

दसऱ्याला त्याच प्रेसला झेंडूचा हार घातला. मावशीलाही कुकर मिळाला. त्याचं झाकण तिला एका हाताने लावता येत नाही. आणि जखम घरची ठरल्यामुळे विम्यातून अपंगत्वाची भरपाई नाकारली गेली.

साहेब म्हणतात, आकडा चांगला होता, माणसं लबाड निघाली. साफ खोटं. माणसांनी आकड्याचा हुकूम पाळला. जाळ्या किती दिवस खाली राहिल्या, हाताला चाटून गेलेले प्रसंग किती जणांनी न घाबरता सांगितले, हे मोजायला हवं होतं. पण त्याचा फलक गेटवर शोभला नसता.

गेल्या आठवड्यात मी विम्याच्या ऑफिसात लेखी जबाब दिला: नोंद खोटी आहे, ती मी केली. निकाल यायचाय. विभाग माझ्याशी बोलत नाही. मावशी बोलते.

तुम्ही एवढंच करा. पुढच्या मीटिंगमध्ये आकडा पक्का करण्याआधी, ज्याचा हात यंत्रात जातो त्या माणसाला खुर्ची द्या आणि विचारा, हा आकडा गाठायला तू काय लपवशील? त्याचं उत्तर ऐकल्याशिवाय सही करू नका.