माझ्या गाडीचा धूर

गाडीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते आणि निफाडच्या अलीकडे, भर उन्हात, तिचं इंजिन जाम झालं. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला मी पाहिला होता. पण मागून एक ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही, या हट्टापायी मी ती आणखी दोन किलोमीटर दामटली. चूक माझीच होती. घरी मात्र मी दोष इंजिनाला दिला.

नवऱ्याला फार आनंद झाला. त्याने तो लपवायचा प्रयत्न केला, पण जेवताना दोनदा आमटी मागून घेतली. त्याचं म्हणणं असं की निवृत्त बाईला गाडी लागतेच कशाला, फोनवरून बोलावली की रिक्षा दारात येते. त्याला स्वतःला गाडी येत नाही. तीनदा शिकायला गेला आणि तिन्ही वेळा शिकवणाऱ्याचीच चूक निघाली. म्हणजे घरात ही एकच वस्तू पूर्णपणे माझी आहे, आणि सगळी पोटदुखी तिथेच आहे. विंचूरच्या शाळेत विज्ञान शिकवून मिळणाऱ्या पगारातून मी ती घेतली. वर्षानुवर्षं नाशिक-विंचूर केलं. आता दर शनिवारी देवळ्याला बहिणीकडे जाते. जाऊ का म्हणून कुणाला विचारत नाही, जाते म्हणून सांगते. एवढं एक सुख मला सोडायचं नव्हतं.

अंबडच्या एका गॅरेजवाल्याने त्याच मॉडेलच्या, अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन शोधून आणलं. लय चाललेलं नाय, डॉक्टरची गाडी होती, असं त्याने मला सांगितलं. जुन्या बाजारातल्या सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच कशा असतात, हे मला कळलेलं नाही. इंजिन बसवल्यावर त्याने त्याच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ माझ्याकडून फोडून घेतला. एवढं सगळं तो विसरला नाही.

मीही काही कमी नाही. इंजिन बदलल्याची नोंद मी कागदोपत्री रीतसर करून घेतली. बिल, अर्ज, शपथपत्र, सगळं फाईलमध्ये लावून मी आरटीओच्या खिडकीपुढे उभी राहिले. असं कोण करतं, असं नवरा म्हणाला. मी करते, असं मी म्हणाले, आणि ते पुढचे आठ दिवस वेगवेगळ्या निमित्ताने म्हणत राहिले. गाडीच्या पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत संपायला तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी गाडीची तपासणी होती आणि त्यासाठी फक्त धुराचा दाखला, म्हणजे पीयूसी, बाकी होता. तपासणीचा दिवस हुकला की मुदत संपणार, गाडी दारात उभी राहणार, आणि दारात उभी राहिलेली गाडी भंगारात कशी घालायची हे नवऱ्याने आधीच ठरवून ठेवलं होतं.

पेठ रोडला एका लिंबाखाली पीयूसीची व्हॅन उभी असते. तिथला माणूस पस्तिशीचा, दाढीत पांढरे केस आलेला. मला पाहताच खाली वाकून पाया पडला. विंचूरचा, दहावी ब. मला काही आठवेना, पण आठवलं असं मी सांगितलं. शिक्षकाला हे पहिल्या वर्षीच जमायला लागतं.

त्याने माझ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घातली, मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं, आणि व्हॅनमधल्या पडद्यावर लाल अक्षरं आली. गाडी नापास. तो खाली वाकून बघून आला. धूर साफ करणारा जो भाग सायलेन्सरच्या आधी असतो, तो जागेवर नव्हताच, तिथे साधा पाइप जोडलेला होता. मी गॅरेजवाल्याला फोन लावला. तो काढला की पिकअप वाढतो मॅडम, असं तो अभिमानाने म्हणाला. काढलेला भाग कुठे आहे असं विचारल्यावर त्याला रेंज मिळेना. नवीन भाग मागवला तर यायला आठवडा लागेल, असं व्हॅनवाला म्हणाला.

मग त्याने अगदी शांतपणे माझ्या सायलेन्सरमधली नळी काढली आणि स्वतःच्या व्हॅनच्या सायलेन्सरमध्ये घातली. व्हॅन पेट्रोलचीच, छान ट्यूनिंग केलेली. अर्ध्या नाशिकच्या वतीने ती एकटीच श्वास सोडत असावी. फोटो तेवढा त्याने माझ्या नंबरप्लेटचा काढला.

मी भडकले. तीस वर्षं वर्गात कमावलेला आवाज रस्त्यावर लावला. प्रदूषण, लहान मुलांची फुप्फुसं, शाळेतून काढलेल्या पर्यावरणाच्या फेऱ्या, काही सोडलं नाही. रांगेतले दोन रिक्षावाले हात मागे बांधून उभे राहिले. शेवटी मी म्हणाले, "दुसऱ्या गाडीचं रीडिंग माझ्या नावावर लिहायला तुला लाज वाटत नाही?"

तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, जर्नलला पण आम्ही असंच करायचो. मागल्या वर्षीच्या पोरांचं रीडिंग उतरवायचो. तुम्ही सह्या करायच्या."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हेडमास्तरांकडे असायची. लंबक कधी कुणी टांगला नाही, पण त्याचं रीडिंग दर वर्षी न चुकता बरोबर यायचं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात साठ जर्नलांचा गठ्ठा माझ्यापुढे यायचा. मी स्टाफरूममध्ये भेळ खात एका बैठकीत सह्या संपवायचे. आपण मुलांचं नुकसान होऊ देत नाही, याचं मला कौतुकही वाटायचं.

नको म्हणून परत फिरायला हवं होतं, हे मला तिथेच कळत होतं. देवळ्याची बहीणही दिसत होती आणि दुसऱ्यांदा आमटी मागणारा नवराही. मी बाजूला सरकले. व्हॅन चालू झाली, पडद्यावर हिरवी अक्षरं आली, दाखला छापून निघाला. गाडी उत्तम गुणांनी पास झाली होती.

त्याने गिऱ्हाइकांची वही पुढे केली आणि पेन दिलं. मी न वाचता सही केली. हाताला सवय होती.

"तारीख पण टाका बाई," तो म्हणाला. "तुम्ही कायम टाकायच्या."

मी तारीख टाकली.