भरतीच्या वेळचे भाषण

वकिलांनी त्या भाषणाची तयारी पंधरा दिवस केली. त्या पंधरा दिवसांत ते बांध बघायला एकदाही गेले नाहीत.

ही हकीकत एकोणीसशे तीस सालाच्या थोडी पुढची. मी तेव्हा चौलच्या शाळेत मास्तर होतो आणि मुंबईच्या एका दैनिकाला कुलाबा जिल्ह्याची बातमीपत्रे पाठवत असे. त्या बातमीपत्रांतला निम्मा मजकूर भाषणांचा असे. आमच्या किनाऱ्यावर त्या काळी कोणतेही काम भाषणाशिवाय सुरू होत नसे, आणि बरीचशी कामे भाषणाशी थांबत. वाचनालयाला कपाट आले की भाषण, विहिरीला रहाट बसला की भाषण, गुरांचा डॉक्टर बदलून गेला की भाषण. मी ती सगळी पहिल्या रांगेत बसून टिपून घेतली. त्यांपैकी एकही आज मला आठवत नाही. हे एक आठवते, त्याचे कारण वक्ता नव्हे.

रेवदंड्याच्या खाडीला लागून एक गाव होते. गावाची भातशेती खारात, म्हणजे समुद्राच्या पातळीला असलेल्या, मातीचा बांध घालून राखलेल्या जमिनीत. आदल्या श्रावणात मोठे उधाण आले आणि बांध एका ठिकाणी फुटला. फुटलेल्या जागेला तिकडे खांड म्हणतात. लहान खांड पडली की सगळे गाव मिळून चिखल आणि फांद्या घालून ती बुजवते. ती रीत जुनी. ही खांड गावाने दोनदा बुजवली आणि दोन्ही वेळा पुढच्या उधाणाने ती वाहून नेली. आता दगड हवा होता, गाड्या हव्या होत्या, म्हणजे सरकार हवे होते. पावसाळ्याआधी ते झाले नाही तर खारट झालेली जमीन पुढची कित्येक वर्षे भात देणार नव्हती.

खांडीला लागून पहिली जमीन एका आगरी शेतकऱ्याची होती. वय पन्नाशीचे, अंगाने वाळका, बोलण्याची सवय नसलेला. त्याची सगळी जमीन तिथेच होती. दुसरीकडे वाफासुद्धा नव्हता.

फाल्गुनात प्रांतसाहेबांचा दौरा ठरला. तलाठ्याकडे चार खेपा घालून याच शेतकऱ्याने भेटीचा दिवस अमावास्येचा ठरवून घेतला. अमावास्येला आमच्याकडे भर दुपारी, बाराच्या सुमारास, उधाणाची भरती येते. त्या वेळी साहेबाला बांधावर उभे केले की पाणी खांडीतून शेतात कसे घुसते ते त्याला दिसेल. बाकी कोणी काही सांगायची गरज नाही. बेत एवढाच होता, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

चूक गावकीच्या बैठकीत झाली. साहेबापुढे कोणी तरी बोलले पाहिजे, असे ठरले. कोणी तरी म्हणजे अलिबागचे एक वकील. त्यांची नागावला नारळी-पोफळीची वाडी होती, आणि जिल्ह्यात त्यांच्याइतके लांब बोलणारा दुसरा माणूस नव्हता. लोकल बोर्डाची निवडणूक वर्षावर आली होती, म्हणून त्यांनी आमंत्रण लगेच स्वीकारले.

भाषण लिहून घ्यायला त्यांनी मला बोलावले. मी गेलो, कारण पूर्ण भाषण आधीच हातात आले की बातमीदाराचे काम वाचते. ते वाडीत पोफळींमधून येरझारा घालत बोलत आणि मी ओटीवर बसून लिहीत असे. मध्येच थांबून ते म्हणत, “इथे लाल शाईने रेघ मारा. इथे मी श्रोत्यांकडे पाहणार.” पुढच्या परिच्छेदाशी निळी रेघ, तिथे ते पाणी पिणार. रहाटाची कुरकुर सरावात व्यत्यय आणते म्हणून बैल सोडून ठेवले होते. दोन आठवडे त्या वाडीला पाणी नीट मिळाले नाही. माडावर चढलेला गडी वरून सगळे ऐके. “ऐकू येतंय का रे नीट?” असे वकील खालून विचारत. “येतंय जी,” तो वरून म्हणे, आणि दर खेपेला एखादा नारळ जास्त जोराने टाके.

शेतकरी त्या दिवसांत दोनदा नागावला चालत आला. पहिल्यांदा तो अंगणात उभा राहिला आणि म्हणाला,

“वकीलसाहेब, अवसेला बाराला पानी भरतं. त्याच्या आदी साहेबाला बांधाव न्यायचा हाय. मंग तितं बोला काय बोलायचं त्ये.”

“बांधावर?” वकील म्हणाले. “चिखलात उभं राहून बोलू? अरे, मांडव हवा, खुर्च्या हव्यात. आणि दिवस तरी कसला शोधलास! अवस. अवसेला मी दाढीसुद्धा करत नाही.”

“पानी अवसेलाच येतं, साहेब.”

“येऊ दे की. मी कुठे अडवलंय?”

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा भाषण किती वेळ चालेल एवढेच त्याने विचारले. वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी कागद मोजून सांगितले की संथ वाचले तर दोन तास. शेतकऱ्याने ओटीच्या कडेला हात टेकला. “अर्ध्या तासात बसवा, मास्तर,” तो मला म्हणाला. जणू काही मी लिहिले होते म्हणून ते मला कापताही आले असते.

वकील हसले. “विषय मोठा आहे, बाबा. नुसती खांड खांड करून साहेबाचं मन हलत नाही. आधी भूमिका तयार करावी लागते.”

भूमिका अशी होती. चौल हे फार प्राचीन बंदर. तिथे दूरदेशींची गलबते लागत, त्यांतून घोडे उतरत आणि रेशीम चढे. नंतर फिरंगी आले, त्यांनी कोट बांधला. नंतर आमचे लोक आले, नंतर इंग्रज. समुद्राने या देशाला काय दिले आणि त्याच्याकडून काय नेले, यावर चार पाने होती. न्यायी राज्यकर्त्याची लक्षणे, संस्कृत श्लोकांसह, तीन पाने. खांड सतराव्या पानावर होती. एकूण पाने एकोणीस.

अमावास्येच्या दिवशी साहेब साडेदहाला आला. तो तरुण इंग्रज होता, नाक उन्हाने सोललेले, मराठीची परीक्षा नुकतीच पास झालेला. मराठी तो हळू पण बरोबर बोले. देवळासमोर मांडव घातला होता. तिथून बांध पाव तासाच्या वाटेवर. शेतकऱ्याने सकाळीच वाटेतला चिखल बुजवून वर पेंढा पसरला होता, साहेबाचे बूट खराब होऊ नयेत म्हणून. ते काम त्याला कोणी सांगितले नव्हते.

हार झाले. स्वागताचे पद झाले. त्याला चार कडवी होती. सव्वाअकराला वकील उठले, उपरणे सारखे केले आणि पहिल्या लाल रेघेशी श्रोत्यांकडे पाहिले.

ते वाईट बोलत नसत, हे नमूद केले पाहिजे. आवाज भरदार होता, उच्चार स्वच्छ होते, कुठे अडखळणे नाही. गावच्या लोकांना गलबतांचे वर्णन आवडले. घोडे उतरले तेव्हा मागच्या बाजूला कोणी तरी “वाहवा” म्हणाले. साहेब मन लावून ऐकत होता, आणि श्लोक आले तेव्हा सोबत आलेल्या मामलेदारांकडे वळून अर्थ विचारत होता. भाषणकलेच्या पुस्तकात ज्या ज्या गोष्टी करा म्हणून सांगितलेल्या असतात त्या सगळ्या वकिलांनी केल्या. श्रोत्यांना धरून ठेवा, असे सांगतात. त्यांनी धरून ठेवले.

शेतकरी दुसऱ्या रांगेत जमिनीवर बसला होता आणि मांडवाच्या खांबाची सावली बघत होता. सावली खांबाच्या बुडाशी आली. वारा खाडीकडून होता आणि मागे बसलेल्यांना पाण्याचा आवाज येऊ लागला होता. समुद्राकाठी जन्म काढलेली दोनशे माणसे त्या मांडवात होती. भरती कधी येते हे त्यांतल्या पोरासोरांनाही पाठ होते. एकही उठला नाही. वकील त्या वेळी फिरंग्यांचा कोट बांधत होते.

शेवटी शेतकरी उभा राहिला. “साहेब,” तो म्हणाला. कोणत्या साहेबाला, ते कळले नाही.

वकील थांबले. हा विराम कागदावर नव्हता. “बस खाली,” ते म्हणाले. “तुझंच गाऱ्हाणं मांडतोय.”

मांडवात हशा पिकला. साहेबही हसला. शेतकऱ्याच्या मागे गावचा पाटील होता; त्याने त्याचे धोतर धरून ओढले. “गप बस रं,” तो कुजबुजला. “आता कुटं रंगात आलाय त्यो.”

“पानी आलाय, पाटील.”

“यील. उद्या बी यील.”

शेतकरी बसला. साडेबाराच्या सुमारास वकील समुद्रावर आले आणि खवळलेली लाट मानवाच्या दुबळ्या बांधावर कशी झेप घेते, ते त्यांनी दोन्ही हातांनी दाखवले. नागावला त्यांनी हा हावभाव आरशासमोर बसवला होता. तीच गोष्ट त्या क्षणी पाव तासाच्या वाटेवर खरोखर होत होती. टाळ्या बराच वेळ चालल्या. वकील पाणी प्यायले.

भाषण सव्वाला संपले. मग पाटलाने आभार मानले. मग मामलेदारांनी साहेबांच्या वतीने वक्त्याचे आभार मानले. मग शहाळी आली. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते.

भरती उलटून खाडी खूप खाली गेली होती. खांडीत घोट्याएवढे पाणी होते. साहेब तिच्यात उतरला, एका ढेकळावरून दुसऱ्या ढेकळावर पाय देत पलीकडे गेला, परत आला आणि पाण्याकडे बघत उभा राहिला. पाणी शेतातून खाडीकडे वाहत होते. दुपारी आत घुसलेले ओहोटीने बाहेर चालले होते. पण हे कोणी तोंडाने सांगितले तरच कळणार होते; डोळ्यांना दिसत होते ते बाहेर जाणारे पाणी.

“हे पाणी तर बाहेर जाते आहे,” साहेब म्हणाला.

“बाराला आत यित व्हतं, साहेब,” शेतकरी म्हणाला. त्याने खांडीकाठी रोवलेल्या एका वाश्यावरची ओली खूण हाताने दाखवली. ती त्याच्या छातीइतकी उंच होती. “हितवर.”

साहेबाने खूण बघितली. “ओल दिसते,” तो म्हणाला. तो अप्रामाणिक नव्हता. दिसले तेवढेच बोलला. वकील पुढे सरसावले, पण साहेबाने हात वर केला. “आपण फार छान बोललात, वकीलसाहेब. मी पुष्कळ शिकलो.” मग त्याने मामलेदारांना विचारले, की अशा खांडी गाव स्वतः बुजवते अशी इथे रीत आहे का. मामलेदार म्हणाले, आहे. रीत होतीच. साहेबाने वहीत दोन ओळी लिहिल्या. तीनच्या आत तो रेवदंड्याकडे निघाला, कारण तिथल्या धक्क्याला मचवा त्याच्यासाठी थांबला होता. सोबत वकील गेले, पाटील गेला, मांडवातले निम्मे गाव वेशीपर्यंत गेले.

बांधावर शेतकरी आणि मी राहिलो. मला बातमीसाठी खांडीची लांबी हवी होती. त्याने ती पावलांनी मोजून दिली. मग, काही तरी विचारावे म्हणून मी विचारले, की वकिलांऐवजी तू बोलणार असतास तर काय म्हणाला असतास.

त्याला विचार करावा लागला नाही. त्याने ते तयार ठेवले होते. “म्हनलं असतं, साहेब, हितं उबं ऱ्हावा. आता बोलू नका. दोन घटका बगा.” मग म्हणाला, “यवडंच व्हतं. जास्त न्हवतं.”

मी ते वहीत लिहून घेतले आणि वर्तमानपत्राला पाठवले नाही. व्यासपीठावरून जे बोलले गेले नाही ती बातमी नव्हे, असे मला शिकवले होते आणि मी ते मानत होतो. वकिलांचे भाषण दोन स्तंभांत छापून आले. खांडीची लांबी जागेअभावी गळाली. पुढच्या वर्षी वकील लोकल बोर्डावर निवडून गेले, आणि त्या गावची मते त्यांना सगळ्यात जास्त पडली. मी गावात गेलो तर लोक त्या भाषणाबद्दल अजून बोलत. “काय त्या लाटा!” असे म्हणत, आणि हातांनी दाखवत.

खांड गावाने स्वतःच बुजवावी, या साहेबाच्या हुकुमाप्रमाणे गावाने चैत्रात काम सुरू केले. पहिल्या आठवड्यात चाळीस माणसे आली, दुसऱ्यात पंधरा. वैशाखात शेतकरी आणि त्याची बायको दोघेच टोपल्यांनी चिखल टाकत होती. आषाढातल्या उधाणाने तो सगळा नेला आणि दोन्ही बाजूंचा जुना बांधही थोडा थोडा तोडला. शेजारच्या दोघांची शेते तेव्हा गेली. ते दोघेही मांडवात हसलेल्यांपैकी होते.

शेतकऱ्याने त्या वर्षी रोपे टाकली नाहीत. दिवाळीनंतर तो पेणच्या बाजूला मिठागरावर मजुरीला गेला. जाण्याआधी तो जमिनीच्या हद्दीचे दगड काढायला गेला होता, असे त्याच्या बायकोने मला सांगितले. दोन सापडले. बाकीचे चिखलात खोल गेले होते, आणि त्यांच्यावर खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराची रोपे गुडघ्याएवढी झाली होती.