ओहोटीला वाजलेला भोंगा

“समुद्र कधी उणे होतो का गं?” विभागप्रमुख प्यो यांनी भर बैठकीत विचारलं आणि अकरा माणसं हसली. ओक दानबीने अकराही तोंडं लक्षात ठेवली.

ती कोरियातल्या कुन्सान शहरातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. किनाऱ्यावरच्या एका गावासाठी पुराचा इशारा देणारं यंत्र बनत होतं. पाण्यात रोवलेल्या खांबावरच्या शून्यापासून पाणी किती सेंटीमीटर चढलं ते मोजायचं, आठशेच्या वर गेलं की भोंगा. तो आकडा ठेवायला दानबीने साइन्ड प्रकार घेतला होता. त्यात शून्याखालचे आकडेही मावतात. प्यो यांनी आराखड्याच्या कागदावर तो खोडून, खाली शेरा आणि सही ठोकून अनसाइन्ड केला. त्यात उण्याला जागाच नाही. शून्याखाली एक घसरला की आकडा उलटा फिरून थेट पासष्ट हजारांवर जाऊन बसतो.

“साहेब, माझी आई त्याच गावात शिंपल्या उकरते. दुसऱ्या चांद्रमहिन्याच्या मोठ्या ओहोटीला पाणी शून्याच्याही खाली जातं.”

“आईला विचारून प्रोग्रॅम लिहितेस? मग तिलाच आण की नोकरीला!”

वर्षाच्या शेऱ्यात त्यांनी ‘हट्टी’ असं लिहिलं आणि तिला तक्रारींच्या फोनवर बसवलं. दीड वर्ष ती लोकांच्या शिव्या ऐकत होती.

मग यंत्राचं उद्घाटन आलं. “तुझ्या गावचे लोक मुहूर्त बघतात ना? एक चांगला दिवस काढून दे,” प्यो म्हणाले.

दानबीने भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं आणि दुसऱ्या चांद्रमहिन्यातला एक दिवस, सकाळी साडेदहाची वेळ काढली. “उत्तम दिवस आहे, साहेब. तुमचं नाव गावभर होईल.”

त्या दिवशी समुद्र पार समोरच्या बेटापर्यंत मागे गेला होता. उघड्या चिखलात बायका वाकून शिंपल्या उकरत होत्या. तालुक्याच्या साहेबांनी बटण दाबलं. फलकावर चार, दोन, शून्य... आणि एकदम ६५,५३५. भोंगा केकाटला. बायका टोपल्या टाकून जीव घेऊन पळत सुटल्या.

“साडेसहाशे मीटर पाणी?” साहेबांनी कोरड्या चिखलाकडे बोट केलं. “कुठाय?”

“कुणी लिहिलं हे?” प्यो ओरडले.

दानबीने आराखड्याचा घडी घातलेला कागद तालुक्याच्या साहेबांच्या हातात दिला. ‘उणे आकड्याची गरज नाही,’ खाली प्यो यांची सही.

“तुला माहीत होतं!” प्यो पुटपुटले.

“तुम्हालाही सांगितलं होतं, साहेब. अकरा जणांसमोर.”

प्यो यांची बदली गोदामावर झाली. दानबीने एक शब्द बदलला आणि यंत्र नीट चालू लागलं. पण पळताना शिंपल्या उकरणाऱ्या क्वाक आजींचं मनगट मोडलं होतं. दीड महिना दानबी त्यांच्याकडे तांदळाची पेज घेऊन जायची, कारण न सांगता.

“दिवस तूच काढलास ना?” आईने एकदा विचारलं. दानबी पेज ढवळत राहिली. “सूड घ्यायचा तर त्याच्या दारात जाऊन घ्यायचा गं. आमच्या चिखलात कशाला?”

त्याचं तिला वाईट वाटलं. प्यो यांचं नाही. त्यांच्या निरोपाच्या जेवणाला ती मुद्दाम गेली, भाजलेलं डुकराचं मांस दोनदा मागून खाल्लं आणि सगळ्यांचे पेले भरले. प्यो यांचा तेवढा रिकामा ठेवला.