निवट्यांचं पाणी

निवटी ही खाडीच्या चिखलातली मासळी. अर्धा वेळ पाण्यात, अर्धा वेळ चिखलावर. आमच्या खाडीत आई ओहोटीला बिळात हात घालून टोपलीभर काढायची. आता ओहोटीला उरतो तो पिवळट फेस. कारखान्यांच्या बाजूने येतो, आणि कुणाचा म्हणून विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. हे मी पत्रकांत लिहून लिहून थकले. लाज कुणालाच वाटत नाही.

दातिवरे आईचं माहेर. तिथून मामाने कालवणासाठी जिवंत निवट्या दिल्या. बाकीच्या शिजल्या, दोन आईने ठेवल्या. "खाडीत नाय त घरात तरी दिसू दे." मासळीचा पसरट टब घेतला, एका बाजूला तिकडचाच चिखल रचला, दुसऱ्या बाजूला बोटभर पाणी. जास्त नाही. वर येऊन बसायला जागा नसली तर निवटी पाण्यातच गुदमरते.

नळाच्या पाण्यात औषध असतं, मीठ नसतं. ते चालत नाही. म्हणून मी दातिवऱ्याहून खाडीच्या पाण्याचा कॅन आणायची. बाहेर भरती लागली की आई टबात पाणी वाढवायची, ओहोटी लागली की जुनं पाणी वाटीने काढायची. न खाल्लेला जवळा लगेच उचलायची, कारण तो कुजला की पाणी गेलंच. मला बघवायचं नाही. दाराशी खाडी, आणि दोन जिवांना पाणी पाजायचं दुसऱ्या गावचं!

मग प्रदूषण मंडळाचे अधिकारी खाडीच्या पाहणीला येणार असं कळलं. खाडीसाठी भांडणाऱ्या आमच्या गटातला एक मित्र घरी आला. "मावशी, साहेबांसमोर आपल्या खाडीचं पाणी या टबात ओतू. निवट्या तडफडल्या की व्हिडिओ काढतो. मग म्हणू देत पाणी चांगलं आहे म्हणून!"

मला ते पटलं. आईने टबावर सूप ठेवलं.

"आदी तुला बुडवू काय रे त्यात? तुजा पन व्हिडिओ चांगला येल."

तो हसला. ती नाही.

"मेलेली मासली दाखवायचीय ना? काठावर हाय ती. साहेबाला चिखलात उतरव."

"साहेब बूट काढत नाहीत, मावशी."

"मंग काढाय सांग. बोंबलायचा कामच हाय ना तुमचा?"

साहेब आले, पुलावरून बाटली सोडून पाणी घेतलं आणि गेले. आम्ही पुष्कळ बोंबललो. बूट निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईने चिखलासकट दोन्ही निवट्या डब्यात घेतल्या. "मी बाजारात गेली की तुमच्यातला कोन तरी ओतंलच ता पानी," म्हणाली. त्यात मीही आले. आम्ही दातिवऱ्याची बस धरली.

खाडीवर ओहोटी होती. पहिली निवटी डब्यातून उडी मारून सरळ बिळात गेली. दुसरी चिखलावर बसून राहिली.

"इथला पानी तरी चांगला ऱ्हाल ना गो?" आईने मला विचारलं.

सभेत माझ्या हातातून माइक सुटत नाही. तिथे मी डब्यातला उरलेला चिखल झटकत राहिले.

आईने लुगडं वर खोचलं, चिखलात उतरली, आणि त्या दुसरीसाठी बोटांनी बीळ करायला लागली.