राउटरमधला चोर

आमच्या घरात इंटरनेटमधलं सगळं कळणारा माणूस एकच आहे, आणि तो मी आहे. (शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फौंड्रीच्या ऑफिसात मी आहे, तिथं प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला मलाच बोलावतात. आणखी काय पुरावा पाहिजे?)

त्या दिवशी अकरा वाजता आमच्या मुलीची, प्राजक्ताची, पुण्याच्या एका कंपनीत ऑनलाइन मुलाखत होती. आयुष्यातली पहिली! नोकरी कसली? लोकांची नेटवर्कं दुरुस्त करायची. पण तिचं ज्ञान पडलं पुस्तकातलं! म्हणून साडेदहाला मी स्वतःच ठरवलं, की वाय-फाय जरा चोख करून द्यावं.

मुरगूडहून आलेली माझी आत्या लसूण सोलत बसली होती.

"काय करतोयस रं दिनू?"

"राउटर बघतोय."

"त्ये काय असतंय?"

मला एवढंच पाहिजे होतं!

"हे बघ आत्या, घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला एक नंबर असतोय. घर नंबरासारखा. त्याला म्हणायचं आयपी ॲड्रेस. बाहेरनं आलेलं सगळं हा राउटर त्या त्या नंबराला पोचवतोय."

"म्हंजे पोस्टमन की!"

"व्हय! आन बँडविड्थ म्हंजे पायपाची जाडी. कुणी चोरून नळ जोडला, की आपल्याला नुसती धार!"

बोलता बोलता मी मोबाईलवर राउटरला काय काय जोडलंय त्याची यादी उघडली. माझा फोन, बायकोचा फोन, प्राजक्ताचा फोन, टीव्ही... आणि हा पाचवा कोण? नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे!

"घावला!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की आत्याच्या हातातली पाकळी उडाली. "चोर घावला! शेजारची यास्मिनभाभी आपलं नेट वापरतीया!"

आणि दिलं ब्लॉकचं बटण दाबून.

आतून प्राजक्ता किंचाळली, "पप्पा! माझ्या लॅपटॉपचं नेट गेलं!"

चोर माझ्याच पोटचा निघाला.

पावणेअकरा झाले. ब्लॉक काढायचं बटण काही सापडेना. मग आठवलं, राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी खुपसली, की सगळं पहिल्यासारखं होतं.

"पप्पा, थांबा, मी करते!"

"अवो, हात लावू नगासा!" बायको सुनंदा स्वयंपाकघरातून धावली.

तोवर मी टाचणी खुपसली होती. आणि सगळं खरंच पहिल्यासारखं झालं. म्हणजे घरात इंटरनेट यायच्या आधी होतं, तसं! राउटरमधली सगळी माहिती पुसली गेली. इंटरनेटवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "माणूस दुपारनंतर येईल."

"मोबाईलचं नेट लाव की गं!" सुनंदा म्हणाली.

"मम्मी, आपल्या घरात नेटची रेंज फक्त न्हाणीत येती!"

"मग न्हाणीत बस," मी म्हणालो.

तिघींनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच न्हाणीत जाऊन आतून कडी लावावी असं वाटलं. प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आत्यानं लसूण बाजूला सारला. "आपला पोस्टमन पडलाय न्हवं आजारी? मग शेजारच्या पोस्टमनला सांगा की!"

शेजारी यास्मिनभाभी दारातच उभ्या होत्या, शिलाई मशीन बंद करून. माझी आरोळी त्यांना मशीनच्या खडखडाटातही ऐकू गेली होती.

"ये बाळ, पंख्याखाली बस. पासवर्ड लिहून देते." मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, आमचं कनेक्शन येगळं हाय. दोन वर्षं झाली. तुमाला लागलं तर मागून न्या, लाजू नगा."

मी चप्पल सारखी करायला वाकलो, तो बराच वेळ वर आलोच नाही.

तासाभरानं प्राजक्ता हसतच बाहेर आली. पुढच्या महिन्यापासून ये म्हणाले होते! आत्यानं तिचा मुका घेतला, भाभींनी शिरखुर्म्याचं आमंत्रण दिलं.

"काय विचारलं गं?" मी हळूच पुढं झालो.

"विचारलं, न कळता नेटवर्कमध्ये हात घालणारा ग्राहक कधी सांभाळलायस का? मी आज सकाळचं सगळं सांगितलं."

"मग?"

"साहेब पोट धरून हसले. म्हणाले, अर्जात 'अनुभव नाही' असं कशाला लिहिलंयस? बावीस वर्षं त्याच घरात काढलीयस की!"